खेळ, सवंगडी आणि बालवाडी: पालक आणि ताई वारंवार विचारतात ते प्रश्न

तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे पालक, बालवाडी चालवणारे आणि अंगणवाडी ताई यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत. आधी साधे, मग अडचणीचे. उत्तर कुठलंही सुटं वाचलं तरी चालेल. दुसऱ्या उत्तराशी संबंध असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. ‘खेळातून शिक्षण’ म्हणजे नेमकं काय? खेळायला तर मूल घरीही खेळतंच की.

खेळतं, आणि शिकतंही. बालवाडीत तीन गोष्टींची भर पडते: बरोबरीची मुलं, विचार करून मांडलेलं साहित्य आणि खेळाकडे लक्ष असलेलं मोठं माणूस.

चार मुलं ‘दुकान-दुकान’ खेळतायत असं धरा. एक दुकानदार, दोन गिऱ्हाइकं, एक हमाल. चिंचोके म्हणजे पैसे, वाळू म्हणजे साखर. “पाव किलो द्या.” “संपली, उद्या या.” एवढ्यात मुलांनी कोण काय होणार ते ठरवलं, पाळी येईपर्यंत कळ काढली, दुकानदाराच्या तोंडची भाषा वापरली, चिंचोके मोजून घेतले आणि वाळूला साखर मानलं. यातली शेवटची गोष्ट सर्वांत मोठी. समोर नसलेल्या वस्तूच्या जागी दुसरी वस्तू धरता आली, की पुढे कागदावरच्या एका आकाराला ‘क’ हा आवाज मानता येतो.

पायाभूत स्तराचा, म्हणजे तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठीचा, राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२२ मध्ये आला. त्यात मुलांनी स्वतः ठरवलेला मुक्त खेळ, मोठ्यांनी हळूच दिशा दिलेला खेळ आणि ठरलेल्या नियमांचा खेळ असे तीन प्रकार आहेत. तिन्ही लागतात. आपल्याकडे तिसऱ्याला शिक्षण म्हणतात, पहिल्याला दंगा, आणि दुसरा फारसा कुणी करतच नाही. त्याबद्दल प्रश्न ९ पाहा.

२. सहा वर्षांच्या आत मेंदूचा ८५ टक्के विकास होतो म्हणतात. मग तेवढ्यात जास्तीत जास्त शिकवून घेऊ नये का?

हा आकडा २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही आहे आणि शिकवण्यांच्या जाहिरातींतही. दोघं त्यातून काढतात ते निष्कर्ष मात्र उलटे आहेत. या वयात मेंदूत जोडण्या भराभर तयार होतात. ज्या वापरल्या जातात त्या पक्क्या होतात, बाकीच्या गळतात. आणि तीन-चार वर्षांच्या मुलाचा मेंदू वापरला जातो तो ऐकण्या-बोलण्यात, धावण्या-चढण्यात, वस्तू हाताळण्यात, समोरच्याचा चेहरा वाचण्यात. जास्तीत जास्त द्यायचंच असेल तर हे द्या. पाढे सातव्या वर्षीही येतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी न झालेल्या गप्पा सातव्या वर्षी भरून काढणं अशक्य नाही, पण जड जातं.

३. हे सगळं परदेशी खूळ नाही का? आपल्याकडे मुलं पाटी-पेन्सिल घेऊनच शिकली.

बालशिक्षणाच्या पद्धती घडवणारे फ्रोबेल जर्मनीतले आणि माँटेसरी इटलीतल्या हे खरं. पण महाराष्ट्रातला बालशिक्षणाचा इतिहास शंभर वर्षांच्या आसपासचा आहे आणि त्याचा मोठा भाग पालघर जिल्ह्यातल्या डोंगरावर घडला. तो माहीत नसतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालमंदिराचं काम करत होत्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसरींचं साहित्य महाग आणि शहरी घरांना साजेसं होतं. खेड्यात ते परवडणार नाही हे ताराबाईंना लवकर दिसलं. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी बालवाडी काढली आणि अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. शिंपले, बिया, गोटे, पानं, माती हेच साहित्य झालं. मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या शेजारी गेलं. तिथली मोठी मुलं गुरं राखायला जात, म्हणून शाळाच कुरणात भरवली. तिला कुरणशाळा म्हणत.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळालं. पुढे अंगणवाडी म्हटलं की खिचडी आणि वजनकाटा एवढंच लोकांच्या डोळ्यांसमोर यायला लागलं, हे मला फार खटकतं.

४. तिसऱ्या वर्षी बालवाडीत घालायलाच हवं का? घरी आजी-आजोबा आहेत, खूप बोलतात त्याच्याशी.

सक्ती नाही. घरात भरपूर बोलणारी माणसं असणं ही मोठीच गोष्ट आहे. पण आजी नेहमी हरते, आजोबा नेहमी घोडा होतात. बरोबरीचं मूल तसं करत नाही. ते नाही म्हणतं, ओढतं, नियम बदलतं. त्यासाठी रोज तास-दोन तास इतर मुलं मिळाली पाहिजेत. ती अंगणवाडीत मिळोत, सोसायटीच्या आवारात मिळोत किंवा मामाच्या वाड्यात.

५. आमचा मुलगा तीन वर्षांचा आहे. बालवाडीत सगळ्यांच्या बाजूला बसून एकटाच खेळतो. त्याला मित्रच नाहीत का?

या वयात हे अगदी नेहमीचं आहे. मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकी संशोधिकेने मिनेसोटातल्या बालवाडीतली मुलं पाहून १९३२ मध्ये खेळातल्या सहभागाचे प्रकार मांडले: नुसतं रेंगाळणं, एकट्याने खेळणं, दुसऱ्यांचा खेळ बघणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, एकमेकांत थोडं मिसळून खेळणं आणि शेवटी कामं वाटून एकच खेळ खेळणं. वय वाढतं तसा शेवटच्या प्रकारांचा वाटा वाढतो. मागचे प्रकार मात्र संपत नाहीत. पाच वर्षांचं मूलही अर्धा तास एकटंच ठोकळे रचत बसतं, आणि ते चांगलंच आहे.

तुमचा मुलगा ‘शेजारी बसून’ या टप्प्यात दिसतो. तो इतरांकडे बघतो का? घरी येऊन बालवाडीतली गाणी, खेळ, ताईंची वाक्यं बाहुल्यांवर करून बघतो का? तसं असेल तर तो तिथे हजर आहे. “जा ना, खेळ त्यांच्यात” म्हणून ढकलू नका. चार जणांच्या घोळक्यापेक्षा दोघांचा खेळ सोपा असतो, तेव्हा एकाच माळेत दोन टोकांनी मणी ओवायला एखादं शांत मूल त्याच्यासोबत बसवा. बोलणं, नजर, हाक मारल्यावर बघणं याबद्दलही शंका असेल तर प्रश्न १९ वाचा.

६. शेजारची मुलगी साडेतीन वर्षांची आहे, ए टू झेड लिहिते. आमची नुसती माती कालवते. लिहायला कधी बसवायचं?

माती कालवते ती लिहिण्याचीच तयारी आहे. लिहिण्यासाठी खांदा, कोपर, मनगट आणि मग बोटं अशा क्रमाने ताबा येत जातो. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी एक्स-रेत त्यातलं एकही दिसत नाही, कारण ती अजून कूर्चा, म्हणजे मऊ, हाड न बनलेली असतात. पुढच्या कित्येक वर्षांत एकेक करून ती पक्की होतात. पेन्सिल मुठीत धरणारं मूल बहुधा चार ते सहा वर्षांच्या दरम्यान अंगठा आणि दोन बोटांची पकड घ्यायला लागतं. त्याआधी रोज पान-पान गिरवायला लावलं तर पकड चुकीची बसते, हात दुखतो आणि वहीचा कंटाळा येतो.

त्याऐवजी कणीक मळू द्या, मटार सोलू द्या, फुलं ओवू द्या, ओला रुमाल पिळून वाळत घालून चिमटा लावू द्या. झाडाच्या फांदीला लोंबकळू द्या. खडूने फरशीवर, काडीने मातीत, बोटाने पिठात रेघोट्या ओढू द्या.

उलटंही सांगते, कारण यात काही पालक आणि काही बालवाड्या भलतीकडे जातात. चार वर्षांच्या मुलीला स्वतःहून आपलं नाव लिहावंसं वाटलं तर लिहू द्या. ‘स’ उलटा आला तरी हरकत नाही. अक्षरं डोळ्यांसमोर असावीत: गोष्टीची पुस्तकं, डब्यांवरची नावं, एसटीची पाटी. खेळातून शिकवायचं याचा अर्थ घरात अक्षरबंदी करायची असा नाही.

७. माझा नातू शंभरपर्यंत अंक न चुकता म्हणतो. म्हणजे गणिताचा पाया झाला ना?

पाठ झालं आहे, आणि पाठांतरही उपयोगी असतं. पाया बघायचा तर त्याला सांगा, “स्वयंपाकघरातून पाच चमचे आण.” पाचच आणले? ते पसरून ठेवले आणि पुन्हा “किती?” विचारलं तर परत मोजतो की “पाचच, आत्ताच मोजले ना” म्हणतो? चार ताटांना चार वाट्या न सांगता लावतो? एकास एक जोडी लावणं आणि शेवटी म्हटलेला अंक म्हणजे सगळ्यांची संख्या हे उमगणं, याला वेळ लागतो. भातुकली, सागरगोटे, सापशिडी यांत हे दिवसातून कितीदा तरी घडतं. सापशिडीत सोंगटी पुढे सरकवताना उभ्या घरापासून मोजायला सुरुवात करणारी मुलं पाहिली असतील. ती चूक सवंगडीच पटकन पकडतात.

८. माझा मुलगा पाच मिनिटं एका जागी बसत नाही. शाळेत कसं होणार?

चार वर्षांच्या मुलाने बसावं ही अपेक्षाच थोडी अवाजवी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशींनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी, त्यातली ६० मिनिटं चांगली दमवणारी. आधी तेवढी होते का पाहा.

आवरून धरण्याची ताकद खेळातच येते. १९४० च्या दशकात मनुइलेंको या सोव्हिएत संशोधिकेने मुलांना नुसतं ‘हलू नकोस’ म्हणून उभं केलं आणि दुसऱ्या वेळी खेळातला पहारेकरी म्हणून. पहारेकरी झाल्यावर मुलं कितीतरी जास्त वेळ स्थिर उभी राहिली. आपल्याकडे यासाठी नवीन काही शोधायला नको. ‘स्टॅच्यू’, ‘तळ्यात-मळ्यात’, ‘डोंगराला आग लागली, पळा पळा’ या सगळ्या खेळांत ऐकायचं, शरीर थांबवायचं आणि नियम डोक्यात ठेवायचा असतो. बाद झालं की बाजूला बसायचं ही मात्र मोठ्या मुलांची रीत आहे. लहानांत बाद करू नका. ज्याला सरावाची सर्वांत गरज असते तोच आधी बाहेर बसतो.

९. मुलं खेळत असताना ताईंनी काय करायचं? नुसतं बघायचं की शिकवायचं?

सतत सूचना देणं जसं चुकतं, तसं मुलं खेळात आहेत म्हणून रजिस्टर भरत बसणंही. (रजिस्टरं किती असतात ते माहीत आहे, आणि तो दोष ताईंचा नाही.) आधी मांडणी करा. कोपऱ्यात आठवडेच्या आठवडे तेच चार ठोकळे असले तर खेळ शिळा होतो. तराजू, जुनी पर्स, रिकामे डबे, एखादी ओढणी आणून ठेवली की मुलं स्वतः पुढचं बघतात. मग थोडा वेळ काही न बोलता पाहा: कोण पुढाकार घेतंय, कोण कडेला आहे, खेळ कुठे अडलाय.

शिरायचंच झालं तर पात्र होऊन शिरा. एक मुलगी वाळूचा भात रांधतेय. तिला “हा रंग कोणता? वाट्या किती?” विचारलं की खेळ संपतो आणि परीक्षा सुरू होते. त्याऐवजी पाहुणी होऊन मांडी घालून बसा: “अगं बाई, आम्ही तर पाच जण आलोय! भात पुरेल ना सगळ्यांना?” ती स्वतःच वाट्या मोजायला लागते, एक कमी पडते, कुणाला तरी आणायला पाठवते. एवढं झालं की “चला, आमची एसटी चुकेल” म्हणून उठा. उठणं महत्त्वाचं. ताई बसून राहिल्या तर सगळी मुलं त्यांच्याशी बोलतात, एकमेकांशी नाही.

१०. दिवसभर “ताई, यानं माझं घेतलं” चालू असतं. भांडणात पडायचं की नाही?

मारणं, चावणं, दगड उचलणं किंवा तीन जण मिळून एकाला छळणं दिसलं तर लगेच पडा. बाकी भांडणांत जरा थांबा. बरीचशी आपोआप मिटतात.

मिटली नाहीत तर खाली बसा आणि ज्यावरून ओढाताण चालली आहे ती वस्तू स्वतःच्या हातात घ्या. मग दोघांचं म्हणणं दोघांसमोर मांडा: “तुला ट्रक हवाय. तिलाही ट्रक हवाय. ट्रक एकच आहे. आता काय करायचं?” आणि गप्प राहा. हे गप्प राहणं अवघड जातं. मुलांचा तोडगा आपल्याला विचित्र वाटेल (एकाने ट्रक चालवायचा, दुसरीने भोंगा वाजवायचा), पण दोघांना चालतोय ना, मग झालं.

“तू मोठी ना, दे त्याला” हे वाक्य शक्यतो टाळा. त्यातून मोठं असणं म्हणजे हरणं एवढंच कळतं. तीन वर्षांच्या मुलाला ‘वाटून घे’ समजत नाही, ‘माझं झालं की तुझं’ समजतं. “सॉरी म्हण” हेही घाईने वदवून घेऊ नका. पडलेल्याला पाणी आणून देणं, मोडलेला मनोरा परत रचायला मदत करणं मुलांना जास्त कळतं. कट्टी-बट्टीत तर पडूच नका. मुलांची कट्टी डबा खाईपर्यंतही टिकत नाही. आयांच्या व्हॉट्सॲप गटावर गेलेली कट्टी मात्र महिनोन्महिने चालते.

११. माझा अडीच वर्षांचा मुलगा चावतो. सगळे म्हणतात वळण नाही.

शब्द अपुरे पडतात तेव्हा या वयात दात पुढे येतात. कधी चावतो ते टिपून ठेवा: भूक, झोप, गर्दी, हातातलं ओढलं जाणं. त्या वेळेच्या आधी जवळ राहा, चावण्याआधीच मधे हात घाला आणि त्याला वाक्य द्या: “माझं आहे, म्हण.” उलट चावून दाखवणं हा उपाय नाही. बोलणं वाढतं तसं चावणं कमी होतं. चार वर्षांनंतरही चालू राहिलं तर बालरोगतज्ज्ञांशी बोला.

१२. अंगणवाडीत तीन ते सहाची मुलं एकाच खोलीत असतात. यात मोठ्यांचं नुकसान होत नाही का?

उलट, वयानुसार कप्पे केलेल्या महागड्या बालवाड्यांना जे मुद्दाम घडवावं लागतं ते इथे आपोआप मिळतं. साडेपाच वर्षांची मुलगी तीन वर्षांच्या मुलाला चप्पल घालायला शिकवते, तेव्हा तिला तिची कृती तोडून, क्रमाने, सोप्या शब्दांत सांगावी लागते.

गल्लीतल्या खेळांत ही सोय जुनी आहे. धाकट्या भावाला घेऊन आलं तर तो कच्चं लिंबू. तो पळेल, लपेल, ओरडेल, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. नियमांच्या खेळात ज्याला नियम कळत नाहीत त्यालाही जागा द्यायची, आणि ही सवलत कुणाला आणि कधीपर्यंत ते मुलांनीच ठरवायचं. एक दिवस तोच म्हणतो, “मी नाही कच्चं लिंबू, माझ्यावर पण राज्य द्या.” दिव्यांग मुलाला खेळात घेताना मात्र कायम कच्चं लिंबू ठेवू नका. खेळाचा नियमच थोडा बदला: सगळ्यांनीच बसून सरकायचं, किंवा चेंडूत घुंगरू घालायचं.

नुकसान होतं ते मोठ्यांना वर्षभर धाकट्यांच्याच पातळीचं काम मिळालं तर. दिवसातला थोडा वेळ पाच-सहाच्या गटाला वेगळं द्या: अवघड कोडी, लांबत जाणाऱ्या गोष्टी, नियम स्वतः बनवायचे खेळ. धाकट्यांना सांभाळायचं कामही रोज त्याच दोन मुलींवर येत नाही ना, हे पाहा.

१३. एकुलती एक मुलगी, बंद दारांचा फ्लॅट, आम्ही दोघंही नोकरीला. सवंगडी आणायचे कुठून?

दोन-तीन घरांनी आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवून घ्या, आळीपाळीने. खेळ आखू नका. जुनी चादर, उशा आणि खोके द्या आणि शेजारच्या खोलीत बसा. त्याच त्या दोन-तीन मुलांशी वारंवार भेट होणं हे दर वेळी नव्या मुलांच्या वाढदिवसाच्या पार्टीपेक्षा जास्त कामाचं. छंदवर्ग याची जागा घेत नाहीत. तिथे मुलं शेजारी असतात, पण बोलतात सगळी शिक्षकांशी.

१४. मोबाईलवर शैक्षणिक व्हिडिओ आणि ॲप चालतील ना? त्यातून रंग, आकार, इंग्रजी सगळं येतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींनुसार एका वर्षाच्या मुलाला पडदा नको. दोन ते चार वर्षांत जास्तीत जास्त एक तास, आणि कमी असेल तितकं बरं.

पडद्याचा खरा तोटा हा, की तो उत्तर देत नाही. पॅट्रिशिया कुल यांच्या सिअ‍ॅटलमधल्या २००३ च्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी मँडरिन भाषा ऐकवली. जिवंत माणसाने समोर बसून खेळवलं त्या बाळांना त्या भाषेतले आवाज वेगळे ओळखता येऊ लागले. तेच व्हिडिओवर पाहिलेल्या बाळांना काहीच फरक पडला नाही. मूल बोट दाखवतं, आपण त्या वस्तूचं नाव घेतो, ते हसतं, आपण पुढचं बोलतो, ही देवाणघेवाण व्हिडिओत नाही. सातासमुद्रापलीकडच्या आजीशी व्हिडिओ कॉल वेगळा. आजी उत्तर देते. तो वेळ या तासात धरू नका.

१५. घरी अहिराणी बोलतो, अंगणवाडीत मराठी, पुढे इंग्रजी शाळा. खेळताना मुलांशी कोणत्या भाषेत बोलायचं?

घरी जी तोंडात येते तीच, भरपूर आणि न लाजता. अडखळत्या इंग्रजीत “कम, ईट, सिट” एवढंच बोलणाऱ्या घरापेक्षा अहिराणीत, वारलीत, कोकणीत गोष्टी सांगणाऱ्या घरातलं मूल दुसरी भाषाही जास्त सहज उचलतं. अंगणवाडीत खेळाचा कोपरा मुलांच्या भाषेचा असू द्या. गोष्ट आणि गाणं दोन्ही भाषांत घ्या.

परदेशातले मराठी पालक विचारतात की तिथल्या बालवाडीत मूल कित्येक आठवडे तोंडच उघडत नाही. नव्या भाषेत मुलं आधी ऐकतात. त्या काळात शब्दांवाचून चालणारे खेळ (वाळू, चेंडू, पकडापकडी) दोस्ती टिकवतात. घरची मराठी बंद करू नका. घरी छान बोलणारं मूल कित्येक महिन्यांनंतरही तिथे कुणाशीच बोलत नसेल, तर तज्ज्ञांना दाखवा.

१६. माझा मुलगा भातुकलीच खेळतो. सासूबाई हसतात.

खेळू द्या. प्रश्न ७ मधलं गणित मुलाच्या भातुकलीतही तेवढंच असतं.

१७. वर्गातली मुलं “मेला, मेला” करत प्रेतयात्रा खेळतात. एक जण दारू पिऊन आलेला बाप होतो. थांबवायचं का?

पहिल्यांदा थांबवू नका. मुलं जे पाहतात, विशेषतः जे कळलेलं नाही ते, खेळून बघतात. दवाखाना, मयत, पूर, भांडण सगळं त्यात येतं. खऱ्या आयुष्यात मूल फक्त बघत असतं. खेळात ते ठरवतं की मेलेला कधी उठून बसणार.

लक्ष कधी द्यायचं? तोच प्रसंग दिवसेंदिवस जराही न बदलता चालू असेल, खेळ संपल्यावर मूल मोकळं होण्याऐवजी आणखी घाबरलेलं दिसत असेल, किंवा दुसऱ्याला खरंच लागत असेल तर. तेव्हा पात्र होऊन आत जा आणि मदतीची वाट दाखवा: “मी शेजारची काकू आहे, मुलांना माझ्याकडे झोपायला पाठवा.” नंतर घरची परिस्थिती शांतपणे समजून घ्या. मुलाचा खेळ त्याच्याच घरच्यांना सर्वांदेखत सांगू नका. त्याचा मार त्यालाच बसू शकतो.

१८. दोन मुलं ‘डॉक्टर-डॉक्टर’ खेळताना एकमेकांचे कपडे काढत होती. मला धक्का बसला.

चार-पाच वर्षांची, एकाच वयाची, हसत-खिदळत आणि राजीखुशीने खेळणारी मुलं असतील तर हे बहुधा कुतूहल असतं. ओरडू नका. “अंगावरचे कपडे अंगावरच राहतात, चला बाहुलीला इंजेक्शन देऊ” म्हणून खेळ वळवा. आपल्या शरीराचे कोणते भाग खासगी असतात ते नंतर साध्या शब्दांत सांगा.

मात्र एक मूल बरंच मोठं असेल, जबरदस्ती किंवा गुपित ठेवण्याची धमकी असेल, किंवा मूल मोठ्यांच्या लैंगिक कृती बारकाव्यानिशी करून दाखवत असेल, तर तो कुतूहलाचा भाग नाही. मुलाची उलटतपासणी करू नका. ते जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा. अत्याचाराचा संशय आल्यास कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार बंधनकारक आहे, बालवाडीची अब्रू जाईल ही भीती असली तरी.

१९. आमच्या मुलीला खेळण्यांची चाकं फिरवत बसायला आवडतं, हाक मारली तरी बघत नाही. मुलांमध्ये सोडलं की बोलेल, असं सगळे म्हणतात.

सोडा, पण तेवढ्यावर थांबू नका. वर्षाचं झाल्यावरही नावाला प्रतिसाद नसणं, दीड वर्षापर्यंत बोटाने काही न दाखवणं, दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांचं वाक्य नसणं, खोटं-खोटं खेळणं अजिबात न दिसणं, किंवा येत असलेले शब्द गळणं, यातलं काहीही असेल तर आधी ऐकण्याची तपासणी आणि मग विकासाची तपासणी करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं आणि गरज असल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं. पथक येईपर्यंत थांबायची गरज नाही. थेट जिल्हा रुग्णालयात विचारा. स्वमग्नता (ऑटिझम) निघाली तरी खेळ आणि सवंगडी लागतातच. फक्त त्यांच्याबरोबर प्रशिक्षित माणसाची मदतही लागते.

२०. कोणती खेळणी घ्यावीत? बजेट कमी आहे.

एकाच पद्धतीने खेळता येणारं खेळणं दोन दिवसांत कोपऱ्यात जातं. ठोकळे, चेंडू, चादर, भांडी, माती, पाणी पुरेसे आहेत. विकत घेताना आयएसआय चिन्ह पाहा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ते सक्तीचं आहे, नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना सूट आहे. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती चिंचोके, मणी, गोट्या आणि बटणासारखे सेल अजिबात नको. मिश्र वयाच्या वर्गात (प्रश्न १२) हे साहित्य वरच्या फळीवर ठेवा.

२१. मी बालवाडी चालवते. पालक वही मागतात, नाहीतर मूल काढून नेतात. काय करू?

पालकांना काहीतरी दिसायला हवं असतं, आणि ते रास्त आहे. खेळ दिसत नाही, कारण तो संध्याकाळी आवरून ठेवलेला असतो. तेव्हा दाखवा. ठोकळ्यांच्या पुलाचा फोटो आणि त्याखाली एक ओळ: “पूल तीनदा पडला, मग सानिका म्हणाली खाली रुंद ठेवू.” पालकसभेत भाषण करू नका, पालकांनाच खाली बसवून दुकान-दुकान खेळायला लावा. मोठ्या गटासाठी थोडं कागदावरचं काम ठेवलंत तर आभाळ कोसळत नाही; ते रोजचा खेळाचा वेळ खात नाही ना, एवढं बघा. तरीही काही पालक जातील. महिन्याच्या भाड्याचं गणित मला माहीत आहे, म्हणून तडजोडच करू नका असं मी म्हणणार नाही.

२२. खेळत राहिलेली मुलं पहिलीत मागे पडत नाहीत का?

पहिल्या काही महिन्यांत अक्षर-अंक गिरवून आलेली मुलं पुढे दिसू शकतात. पुढचं चित्र वेगळं असतं. अमेरिकेत मिशिगनमधल्या यिप्सिलांटी गावात १९६२ पासून १२३ गरीब कृष्णवर्णीय मुलांचा अभ्यास झाला, त्यातल्या साधारण निम्म्यांना बालवाडी मिळाली. मुलं काय खेळायचं ते आखत, ते करत आणि नंतर सांगत. बुद्ध्यंकातली आघाडी काही वर्षांत विरली. पण चाळिशीत पाहिलं तेव्हा बालवाडीतून गेलेल्यांचं शिक्षण जास्त झालं होतं, कमाई जास्त होती, अटका कमी होत्या.

हा अभ्यास ‘नुसतं खेळू द्या’ म्हणणाऱ्यांच्याही बाजूचा नाही. तिथे शिकलेले शिक्षक होते, थोडी मुलं होती आणि दर आठवड्याला घरभेट होती. वीस मुलांना एका खोलीत मोकळं सोडून त्याला खेळातून शिक्षण म्हटलं, तर ती मुलं खरंच मागे पडतील.

२३. मुलगा नोव्हेंबरचा आहे. जूनमध्ये साडेपाचचा होईल, शाळा पहिलीत घ्यायला तयार आहे. घालू का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पहिलीला सहा वर्षं. महाराष्ट्रात त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा पूर्ण होत असतील तर प्रवेश मिळतो, म्हणजे तो नियमात बसतो. प्रवेशाच्या वर्षीचं परिपत्रक तेवढं पाहून घ्या.

नियमापलीकडे मी हे पाहीन: हरत असतानाही नियमांचा खेळ शेवटपर्यंत खेळतो का, डबा आणि शी-शू स्वतः सांभाळतो का, अनोळखी बाईंना “मला कळलं नाही” असं सांगू शकतो का. दोन गोष्टी डळमळीत असतील आणि जवळची बालवाडी चांगली असेल, तर मी आणखी एक वर्ष तिथेच ठेवीन. घालायचंच ठरलं तर त्याच्या बालवाडीतलं कोण कोण त्या शाळेत जातंय ते विचारा, आणि एखादा सवंगडी असेल तर दोघांना एकाच तुकडीत घ्यायला शाळेला आत्ताच सांगा. जूनमध्ये तुकड्या पडल्यावर कुणी ऐकत नाही.